पोथी आणि पडदा

१९७९ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा, म्हणजे ‘डी अँड डी’चा, नवशिक्यांसाठीचा खोका घरी आणलेल्या अनेक अमेरिकी मुलांचा पहिलाच अनुभव हिरमोड करणारा होता. खोक्यात नियमांची पुस्तिका होती, पण फासे नव्हते. खेळ एकाएकी इतका खपू लागला होता की चार, आठ, बारा आणि वीस बाजूंच्या त्या विचित्र फाशांचा पुरवठाच आटला. प्रकाशकाने तोड काढली. आकडे छापलेला जाड कागद खोक्यात घातला. मुलांनी ते आकडे कात्रीने कापायचे, पेल्यात टाकायचे, हलवायचे आणि न बघता एक उचलायचा. दान पडण्याऐवजी चिठ्ठी निघायची, इतकाच फरक. खेळ अडला नाही.

पुढे फासे मिळाले, तेही धड नव्हते. मऊ प्लॅस्टिकचे, वापरून वापरून कडा गोल होणारे, आणि आकडे नुसते कोरलेले. १९८१च्या खोक्यात फाशांबरोबर मेणाचा एक खडू असायचा. तो आकड्यांवर घासायचा, वरचा रंग फडक्याने पुसून काढायचा, की खाचेत उरलेल्या रंगामुळे आकडा वाचता येई. त्या पिढीतले लोक आज साठीला टेकले आहेत, पण आपला पहिला फासा कुठल्या रंगाच्या खडूने भरला होता ते विचारलं तर पटकन सांगतात.

आता हेच दान फोनच्या काचेवर पडतं. ‘डी अँड डी बियॉन्ड’ या संकेतस्थळावर २०२०पासून फासा खराखुरा गडगडत येताना दिसतो, आणि त्याची निरनिराळी रूपं विकतही मिळतात. ‘रोल२०’ या दुसऱ्या सेवेने तर प्रकाशाच्या दुभंगलेल्या किरणातले सूक्ष्म चढउतार मोजून आकडे काढायची व्यवस्था केली, का तर यंत्र पक्षपात करतं अशी तक्रार कुणी करू नये. तक्रारी थांबल्या नाहीत. लागोपाठ तीनदा एक पडला की माणूस प्रकाशकिरणालाही दोष देतो.

फाशाचं एक बरं आहे. तो प्लॅस्टिकचा असो, पुठ्ठ्याचा असो की किरणांचा, आकडा तो आकडा. खरी अडचण पुस्तकाची आहे. पुस्तक काचेत गेलं की त्याचं नुसतं रूप बदलतं की आणखीही काही, या प्रश्नावर हे खेळाडू गेली पंधरा-वीस वर्षं हमरीतुमरीवर येत आले आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, बोलताना नुसता ‘डीएम’. तो जग उभं करतो: समोर दार आहे, पलीकडून काहीतरी घासत चालल्याचा आवाज येतोय, काय करता? बाकीचे एकेक सोंग घेऊन बसलेले असतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. आपलं सोंग काय करतं ते त्यांनी बोलून सांगायचं, आणि जमेल की फसेल अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. पट लागतोच असं नाही, शेवटही ठरलेला नाही. एकच गोष्ट आठवड्यातून एकदा जमत जमत वर्षानुवर्षं चालते. या सगळ्याला आधार म्हणून नियमांची पुस्तकं.

सुरुवातीला ती पुस्तकं अगदी किरकोळ होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४मध्ये हा खेळ बाजारात आणला तेव्हा तपकिरी खोक्यात तीन बारक्या पुस्तिका होत्या. किंमत १० डॉलर, प्रती १,०००. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावात त्या घरातच हातांनी खोक्यात भरल्या गेल्या. खेळ वाढला तशी पुस्तकंही फुगली. ‘पाथफाइंडर’ या प्रतिस्पर्धी खेळाचं २०१९चं मुख्य पुस्तक ६४० पानांचं आहे. ‘डी अँड डी’चं २०२४चं ‘प्लेयर्स हँडबुक’ ३८४ पानांचं, आणि ते तीन मूळ पुस्तकांपैकी एक. ‘डीएम’ने ठरल्या घरी जायचं म्हणजे पाठीवर पाच-सहा किलो पुठ्ठा-कागद वाहून न्यायचा.

मग लोक टॅब्लेटकडे वळले यात नवल ते काय? वजन हे तर सांगायचं कारण झालं. खरं कारण हिशेबाचं आहे.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीत शत्रूला मिठीत पकडण्याचा नियम घ्या. आधी समोरच्याला फुकटचा एक वार करू द्यायचा. तो चुकला तर त्याला हात लागतो का याचं एक दान. लागला तर दोघांनी दान टाकून ताकद आजमावायची, त्यात कोण केवढ्या आकाराचा त्याप्रमाणे आकडे मिळवायचे किंवा वजा करायचे. हे सगळं जमलं तर त्याच्या जागेत शिरायचं. आखाड्यात जे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच होऊन जातं, ते टेबलावर पाव तास खायचं. कुणी मिठीचं नाव काढलं की बाकीचे कण्हत पुस्तक उघडायचे. असे नियम यंत्राच्याच हवाली करावेत. नव्या खेळाडूच्या हाती फोन दिला आणि त्याच्या तलवारीच्या वाराचा आकडा आपोआप आला तर त्याला गोष्टीत लक्ष घालता येतं. बेरजा करणं हा ज्यांच्यासाठी खेळाचाच भाग आहे अशी माणसं असतात, पण ती थोडी.

दुसरं कारण अंतर. कॉलेजात जमलेला चमू नोकऱ्यांमागे पांगतो. एक पुण्यात, एक बंगळुरूत, एक न्यू जर्सीत. कॅन्सस विद्यापीठातल्या तीन मित्रांवर हीच वेळ आली, आणि लांब राहूनही खेळता यावं म्हणून त्यांनी ‘रोल२०’ बांधलं. २०१२मध्ये त्यांनी लोकवर्गणीतून ५,००० डॉलर मागितले, मिळाले जवळजवळ ४०,०००. आठ वर्षांनी टाळेबंदी आली आणि जगभरच्या टेबलांना या सोयीचाच आधार घ्यावा लागला. त्या वर्षी लोक एका खोलीत बसू शकत नव्हते, तरी ‘डी अँड डी’चा खप घटण्याऐवजी वाढला.

पडद्यावरच्या नकाशाची एक करामत मात्र कागदाला कधीच जमणार नाही. अंधाऱ्या भुयारात तुमच्या सोंगाच्या हाती मशाल आहे. तुम्ही ते चिन्ह दोन घरं पुढे सरकवता आणि तेवढ्याच भिंती उजळतात. मित्राचं चिन्ह कोपऱ्याआड असेल तर त्याला काय दिसतं ते तुम्हाला दिसत नाही. खोलीत बसून हेच करायचं तर ‘डीएम’ नकाशावर वर्तमानपत्राचे कपटे ठेवतो आणि एकेक उचलतो. कपटा नेमका पंख्याच्या वाऱ्याने उडतो आणि गुप्त दालन चारचौघांत उघडं पडतं.

या करामतीचा एक तोटाही आहे, आणि तो हळूहळू लक्षात येतो. नकाशा इतका सुंदर असतो की नकाशात जे नाही ते कुणाला सुचत नाही. नुसत्या बोलण्यावर खेळताना खेळाडू हटकून विचारतो, खोलीत झुंबर आहे का? ‘डीएम’ क्षणभर थांबतो आणि म्हणतो, आहे. आता झुंबराला लोंबकळता येतं. पडद्यावर झुंबर काढलेलं नसेल तर प्रश्नच उठत नाही. ज्याला बटण आहे तेवढंच करायचं, अशी सवय बोटांना लागते.

*

पडदा या खेळात संगणकाच्याही आधीपासून आहे. १९७९मध्ये प्रकाशकाने पुठ्ठ्याचा घडीचा आडोसा विकायला आणला. ‘डीएम’ने तो आपल्यासमोर उभा करायचा, आत नकाशे आणि टिपणं लपवायची, फासेही तिथेच टाकायचे. त्याचं नावच ‘स्क्रीन’. त्याच साली ‘डंजन मास्टर्स गाइड’ हे जाडजूड पुस्तक निघालं. कुठल्या योद्ध्याला कुणाला इजा करण्यासाठी किती दान लागतं याचे तक्ते खेळाडूंच्या पुस्तकात नव्हतेच, ते या पुस्तकात होते. प्रस्तावनेत गायगॅक्सने असं सुनावून ठेवलं होतं की ‘डीएम’ नसलेल्या कुणाच्या हाती हे पुस्तक सापडलं तर त्याला सन्मानाने मरायचाही हक्क नाही. अर्धी गंमत, अर्धी धमकी. सोवळ्यातली पोथी म्हणावी तसं हे प्रकरण होतं: ज्याच्याकडे ती, त्याच्याकडे अधिकार.

आज हे गुपित कुणाचंच नाही. राक्षसाचं नाव टाकलं की त्याची उरलेली ताकद, त्याची दुखरी नस, सगळं टेबलाखाली धरलेल्या फोनवर तीन सेकंदांत. हे वाईटच झालं असं म्हणता येत नाही. जुन्या पद्धतीत ‘डीएम’ मनमानी करायचा आणि पोथीचा हवाला द्यायचा, ती पोथी उघडून पाहायची सोय नव्हती. आता चौदा वर्षांची पोरगी शांतपणे म्हणते, तो नियम तसा नाही, आणि फोन पुढे करते. पोथीनिष्ठ खेळाडूला इंग्रजीत ‘नियमांचा वकील’ म्हणतात. शोधयंत्राने प्रत्येकाला सनद देऊन टाकली.

पण शोधयंत्र जे विचारलं तेच देतं. १९७९चं ते पुस्तक रचनेच्या दृष्टीने गबाळं आहे. विषयाला विषयाची सोबत नाही, भाषा वळणावळणाची. तरीही लोक त्याच्यावर जीव टाकतात. रोगराईचा तक्ता शोधायला जावं आणि वाटेत किल्ल्याच्या बांधकामाचा खर्च, रत्नांचे गुणधर्म, फासे टाकून आपोआप भुयार रचण्याची रीत आणि लेखकाच्या आवडत्या कादंबऱ्यांची यादी भेटावी. अशा वाट चुकण्यातूनच पुढच्या आठवड्याची गोष्ट सुचते. शोधयंत्राला या कामासाठी जन्मच दिलेला नाही.

व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये ५४ अभ्यासांची, एकूण १,७१,०५५ वाचकांची एकत्र तपासणी प्रसिद्ध केली. माहितीपर मजकूर कागदावर वाचला तर तो अधिक समजतो, आणि वेळेचं दडपण असेल तर हा फरक वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. कथात्मक मजकुरात असा फरक आढळला नाही. नियमपुस्तक हा शुद्ध माहितीपर मजकूर, आणि तो टेबलावर वाचला जातो तेव्हा पाच जण खोळंबलेले असतात. कागदाच्या बाजूने याहून सोयीचा साक्षीदार मिळणं कठीण. तरी एक खोच आहे: नियम संपूर्ण समजून घेण्यासाठी पुस्तक आणि ऐन वेळी एक ओळ शोधण्यासाठी फोन, ही दोन निराळी कामं आहेत. भांडणारे बहुतेकदा दोघांपैकी एकाच कामाबद्दल बोलत असतात.

*

कागदाचे भक्त एक गोष्ट सोयीने विसरतात. प्रकाशकांनी कागदाचंही संगणकासारखं काहीतरी करून पाहिलं होतं आणि तोंडावर आपटले होते.

१९८९मध्ये दुसऱ्या आवृत्तीसाठी राक्षसांचं पुस्तक बांधलेलं निघालंच नाही. ‘मॉन्स्ट्रस कंपेंडियम’ म्हणजे तीन कड्यांची एक जाड फाइल आणि भोकं पाडलेली सुटी पानं. कल्पना अशी की आजच्या खेळाला लागतील तेवढ्याच राक्षसांची पानं काढून न्यायची, नवी पानं विकत आली की ती वर्णानुक्रमाने मध्ये घालायची. आपल्याकडच्या पोथीचंच हे रूप: सुटी पानं, दोन लाकडी फळ्या, वरून रुमाल. पोथीच्या पानांना निदान क्रमांक असतात आणि मध्ये घुसायला कुणी येत नाही. इथे एका पानाच्या पुढे एक राक्षस आणि मागे दुसराच छापलेला. मग त्या दोघांच्या मध्ये येणारा तिसरा राक्षस घालायचा कुठे? वर्णानुक्रम पहिल्याच पुरवणीला कोलमडला. भोकांपाशी पानं फाटू लागली ते वेगळंच. १९९३मध्ये सगळे राक्षस गुमान पुठ्ठ्याच्या बांधणीत परत आले.

त्या वेळी जे हवं होतं, म्हणजे निवडा, जुळवा, नवीन घाला, ते आज संगणक सहज करतो. भोकं फाटत नाहीत. पण ज्या फाइलीत पानं घालायची ती आता तुमच्या घरात नाही.

हा फरक पहिल्यांदा झोंबला तो ६ एप्रिल २००९ रोजी. ‘डी अँड डी’ची मालकी असलेल्या ‘विझर्ड्स ऑफ द कोस्ट’ने आपली सगळी पीडीएफ पुस्तकं विक्रीतून काढून घेतली. निमित्त होतं चोरून वाटल्या गेलेल्या प्रतींचं, आणि त्यासाठी आठ जणांवर खटलेही भरले गेले. पण फटका पैसे मोजणाऱ्यांना बसला: आधी विकत घेतलेली फाइल पुन्हा उतरवून घ्यायला त्यांना अगदी थोडी मुदत मिळाली. जुनी पुस्तकं पीडीएफ रूपात परत यायला २०१३ उजाडलं.

कंपनीने वर्गणीचं दुकानही थाटलं होतं. चौथ्या आवृत्तीसाठी सोंगं घडवणारं साधन आधी आपल्या संगणकावर उतरवून घेता येई. २०१०च्या अखेरीस ते फक्त जालावर चालेल असं करण्यात आलं, आणि तेही मायक्रोसॉफ्टच्या ‘सिल्व्हरलाइट’ या तंत्रावर. पुढे ‘सिल्व्हरलाइट’च म्हातारं झालं आणि १ जानेवारी २०२० रोजी ती साधनं बंद पडली. चौथी आवृत्ती इतकी आकडेमोडीची होती की साधनाविना सोंग घडवणं म्हणजे प्राप्तिकराचं विवरण हाताने भरण्यासारखं. पुस्तकं कपाटात शाबूत, पण ती वापरायची किल्ली गेली. १९७४च्या तीन बारक्या पुस्तिका मात्र आजही, पेन्सिल असेल तर, आहे तशा खेळता येतात.

याहून अवघड प्रकरण २०२१च्या डिसेंबरचं. ‘व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स’ हे २०१६चं पुस्तक. त्यातले काही उतारे कंपनीने शुद्धिपत्र काढून वगळले. अख्ख्या एखाद्या जमातीला जन्मजात दुष्ट ठरवणाऱ्या वर्णनांबद्दल आक्षेप होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. छापील पुस्तकाच्या बाबतीत शुद्धिपत्र म्हणजे पुढच्या खेपेला बदल. ‘बियॉन्ड’वर पुस्तक विकत घेतलेल्यांच्या प्रतीतून मात्र ते उतारे नाहीसे झाले. मे २०२२मध्ये ते पुस्तकच तिथे विक्रीतून गेलं, घेतलेल्यांकडे राहिलं तेवढंच. दुरुस्ती योग्य असू शकते. पण वाचकाच्या कपाटात रात्री येऊन पान बदलून जाणारा प्रकाशक ही नवीनच जात आहे.

याच्या शेजारी १९८०चं ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ ठेवून पाहावं. जगभरच्या पुराणांतल्या देवांना या पुस्तकाने आकड्यांत बसवलं. आपले इंद्र, अग्नी, वरुण, यमही त्यात आहेत, आणि किती घाव बसले की इंद्र कोसळेल याचा आकडा दिलेला आहे. (‘राक्षस’ याच नावाचा एक शत्रू त्याआधीच, १९७७मध्ये, आला होता: वाघाच्या तोंडाचा, ऐटबाज कपड्यांत, हाती धूम्रपानाचा पाइप घेऊन बसलेला. रामायणात तो शोधू नये. गायगॅक्सला तो एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेत भेटला होता.) या पुस्तकाच्या सुरुवातीच्या छपाईत दोन आधुनिक लेखकांच्या कल्पित देवांचे विभागही होते. हक्कांचा गुंता झाला, पुढच्या छपाईत ते गेले, १४४ पानांची १२८ झाली. पण ज्यांनी पहिली प्रत घेतली होती त्यांच्याकडची १६ पानं काढून न्यायला कुणी आलं नाही. आज संग्राहक जुनं पुस्तक हाती आलं की आधी पानं मोजतात.

ऑगस्ट २०२४मध्ये गोष्ट टेबलापर्यंत पोचली. नवी आवृत्ती येऊ घातली होती. ‘बियॉन्ड’ने जाहीर केलं की खेळाडूंच्या सोंगपत्रांवरचे, म्हणजे सोंगाची माहिती लिहायच्या पानांवरचे, मंत्र आणि जादूच्या वस्तू यापुढे नव्या नियमांप्रमाणे दिसतील. जुना मंत्रच हवा असेल तर तो स्वतः टंकून भरायचा. कुणी दोन वर्षं चाललेल्या गोष्टीच्या ऐन मध्यावर होतं, कुणी जुन्या पुस्तकांवर शेकडो डॉलर खर्चलेले. आरडाओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. पण एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली. पुठ्ठ्याच्या पडद्याआड बसणारा निदान आपला मित्र होता. त्याने लबाडी केली तर चहा त्याच्याच घरी प्यायचा होता. काचेच्या पडद्याआड कोण बसलंय ते दिसत नाही, आणि तो आपल्या टेबलावर खेळतही नाही.

*

तरीही सगळी काच सारखी नसते. ‘पाथफाइंडर’च्या प्रकाशकाने, ‘पायझो’ने, आपले नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर फुकट वाचू दिले आहेत, तेही अधिकृतपणे. २०२३मध्ये त्यांनी आपली पुस्तकं नव्याने मांडली तेव्हा तिथे जुने आणि नवे दोन्ही नियम ठेवले. ज्याला जो हवा तो पाहावा. ‘फाउंड्री’ हा २०२०मध्ये आलेला आभासी पट एकदाच ५० डॉलरना घ्यायचा. तो आपल्या संगणकावर चालतो, आणि ‘डीएम’ने घेतला की बाकीच्यांना काही मोजावं लागत नाही. उद्या कंपनी बुडाली तरी घरचा पट घरात राहतो. काही छोट्या प्रकाशकांनी ‘बिट्स अँड मॉर्टर’ नावाची व्यवस्था केली: शेजारच्या दुकानातून छापील पुस्तक घ्या, दुकानदार पीडीएफ फुकट देईल. एकाच पुस्तकाचे कागदाला वेगळे आणि काचेला वेगळे पैसे घेण्यापेक्षा हे सरळ आहे. ‘बियॉन्ड’वर पुस्तकाचे साधारण ३० डॉलर आणि छापील प्रतीचे ५० असा हिशेब वर्षानुवर्षं चालला, एक घेतलं म्हणून दुसऱ्यात सूट नाही.

भारतात बसलेल्याला हा हिशेब जास्त टोचतो. ५० डॉलर म्हणजे चार हजारांहून अधिक रुपये, आणि मूळ पुस्तकं तीन. पुण्या-मुंबईतल्या बहुतेक टेबलांवर एखादाच मालक असतो आणि बाकीचे त्याच्या प्रतीवर किंवा फोनवर भागवतात. काही फाइली कुठून आल्या हे विचारू नये. पुस्तक इंग्रजी आणि खेळ अर्धा मराठीत, अशी इथली रीत आहे: “मी त्याला पर्सुएड करतो, बघ ना, दान टाकू?” मराठीत यातलं कुठलंच मोठं पुस्तक अधिकृतपणे आलेलं नाही. वाट मात्र मोकळी झाली आहे, आणि तीही एका भांडणातून. जानेवारी २०२३मध्ये कंपनीने सन २०००पासून चालत आलेला खुला परवाना गुंडाळायचा घाट घातल्याचं फुटलं. इतक्या लोकांनी ‘बियॉन्ड’ची वर्गणी रद्द करायला धाव घेतली की ते पानच काही काळ कोलमडलं. २७ जानेवारीला कंपनीने पाचव्या आवृत्तीचे गाभ्याचे नियम ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्यावर सोडून दिले, आणि तो परवाना परत घेता येत नाही. उद्या कुणी ते मराठीत आणायचं ठरवलं तर मूळचं श्रेय दिलं की पुरे, परवानगी मागायला नको.

अंध खेळाडूंच्या बाबतीत तर कागद-काच हा वादच वेगळ्या पातळीवर जातो. छापील पुस्तक त्यांना मुकंच. पीडीएफ वाचून दाखवता येते, पण ती नीट बांधलेली नसेल तर यंत्र डाव्या रकान्याची ओळ उजव्या रकान्याला जोडून काहीतरी अगम्य वाचतं. साधा, स्वच्छ मजकूर असलेलं संकेतस्थळ इथे सगळ्यांत उपयोगी. आणि तरीही, ‘डॉट्स आरपीजी प्रोजेक्ट’ने ब्रेल ठिपक्यांचे फासे त्रिमितीय छपाईने बनवले, ते का? फोन आकडा बोलून दाखवू शकतोच की. पण दान आपल्या हाताने टाकायचं आणि आपल्याच बोटांनी वाचायचं, यातली मजा डोळसांनाच कळते असं थोडंच आहे.

कागदाच्या बाजूनेही लोक शहाणे झाले आहेत. गॅव्हिन नॉर्मन यांनी १९८१चे नियम ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ या नावाने पुन्हा मांडले तेव्हा पुस्तकाची समोरासमोरची दोन पानं हा एक घटक धरला. एक विषय शक्य तो त्या उघड्या जोडपानातच संपतो. पान उलटावं लागत नाही, पुस्तक टेबलावर उघडं पडून राहतं, आणि पाच जणांना एकाच वेळी बोट ठेवून दाखवता येतं. फोन एकालाच दिसतो. तो पुढे करावा लागतो, मग पडदा काळा पडतो, मग कुलूप उघडावं लागतं, आणि मध्येच घरून आलेला निरोप दिसतो.

अशा टेबलावरचं सोंगपत्र हाती घेऊन पाहण्यासारखं असतं. चहाचा गोल डाग. कोपऱ्यात वितळलेल्या राक्षसाचं रेखाटन. ‘सामान’ या चौकटीत दोर, दोन मशाली, तिसरी खोडलेली, आणि कुणीतरी गमतीने लिहिलेली ‘एक कोंबडी’. सगळ्यांत जास्त झीज असते ती उरलेला जीव लिहायच्या चौकटीत. बावीस, चौदा, नऊ, परत एकोणीस, तीन. दर वेळी खोडायचं आणि लिहायचं. खोडरबराने कागद आधी करडा होतो, मग लवदार, आणि वर्षभराने तिथे उजेडात धरलं तर पलीकडचं दिसू लागतं. फोनवर तोच आकडा स्वच्छ असतो. एकदाच लिहिल्यासारखा.

अलीकडे बरेच ‘डीएम’ फोन टोपलीत ठेवायला लावतात. केल्सी डायोन यांचा ‘शॅडोडार्क’ हा खेळ अशांच्या पसंतीचा: पुस्तक आटोपशीर, नियम थोडे, सोंगपत्र एका पानाचं. २०२३मध्ये लोकवर्गणीतून त्याला तेरा लाख डॉलरच्या वर मिळाले. त्यात कुठल्याच सोंगाला अंधारात दिसत नाही, आणि मशाल जळते ती एक तास. खेळातला तास नव्हे, भिंतीवरच्या घड्याळातला. गप्पांत दहा मिनिटं घालवली तर दहा मिनिटांची मशाल जळून जाते. एवढ्यासाठी मात्र टोपलीतला एक फोन बाहेर काढावा लागतो. साठ मिनिटांचा गजर लावून तो टेबलाच्या मधोमध, पुस्तकाशेजारी, पालथा ठेवतात. मग सगळे त्याला विसरतात. कुणीतरी दाराला कान लावलेला असतो, कुणी कुलपाशी खटपट करत असतं, ‘डीएम’चा आवाज खाली गेलेला असतो, आणि तो पालथा फोन लाकडावर थरथरू लागतो.

“मशाल विझली,” ‘डीएम’ म्हणतो.

कुणाकडे दुसरी आहे का ते पाहायला पाचही जण आपापल्या कागदावर वाकतात.